एका दिवसाचे सहा आणे

स्मरणिकेसाठी आपल्या पूर्वजांच्या देवावरच्या विश्वासाबद्दल काही लिहा, असा निरोप समितीकडून आला तेव्हा आम्ही दोन आठवडे उत्तरच दिले नाही. आम्ही प्राथमिक शाळेत मराठी शिकवतो. इतिहास लिहिणे हे मोठ्या लोकांचे काम. शिवाय या विषयावर लिहिताना पूर्वजांनाच देव करून टाकण्याचा मोह फार होतो, आणि ते देव नव्हते. मग गेल्या चवथीच्या आधी पाचवीच्या वर्गात आम्ही जुन्या काळची हकीकत सांगत होतो. कोठीवरचा साहेब पूजेसाठी सुट्टी देत नसे, धाक घालत असे, तरीही आपल्या माणसांनी गणपती बसवला, असे सांगून झाले आणि मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "मिस, देव होता तर त्याने साहेबाला शिक्षा का नाही केली?"

आम्ही त्याला म्हटले, उद्या सांगते. ते उद्या अजून आलेले नाही. म्हणून हा लेख.

शताब्दी हा शब्द आपण समारंभासाठी वापरतो, तो चालेल. पण आपली माणसे या बेटावर येऊन शंभराहून कितीतरी अधिक वर्षे झाली, हे मुलांना सांगायला हवे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले. ते कलकत्त्याहून आले होते. आपली मराठी माणसे मुंबई बंदरातून आली, त्यांतली बरीचशी १८४० ते १८६० च्या दशकांत. रत्नागिरी, सावंतवाडी, कोल्हापूर, सातारा या भागांतली ती माणसे. १८३४ ते १९२० या काळात हिंदुस्थानातून सुमारे पाच लाख माणसे या घाटावर उतरली. काही येथे राहिली, काही पुढे दुसऱ्या बेटांवर गेली. ज्या घाटाच्या सोळा पायऱ्या ती चढली तो आज आपला आप्रवासी घाट, २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या वेळची नोंदणीपुस्तके जपून ठेवली आहेत. आम्ही वडिलांबरोबर तेथे गेलो होतो. मजुराचा क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव, जहाज. एवढे सगळे रकाने. वडील चष्मा वर करून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "देव कोणता ते विचारलेलं दिसत नाही." कारकुनाला त्याची गरज नव्हती. पण नाव, गाव, जहाज सगळे बदलत गेले तरी पुढे टिकले ते नेमके त्या न विचारलेल्या रकान्यातले, असे आम्हांला वाटते.

आपली माणसे ज्या कांमध्ये राहायला गेली, त्या कांचाही एक इतिहास आहे आणि तो आपल्या कार्यक्रमांत सहसा सांगितला जात नाही. त्या चाळींत त्यांच्या आधी गुलाम राहत होते. १७२३ साली फ्रान्सच्या राजाने या बेटासाठी आणि शेजारच्या रेयुनियाँसाठी गुलामांचा कायदा काढला. त्यात अगदी सुरुवातीलाच लिहिले होते की प्रत्येक गुलामाला कॅथलिक धर्माची शिकवण द्यावी आणि त्याचा बाप्तिस्मा करावा. दुसऱ्या कोणत्याही धर्माची उघड उपासना बंद. मादागास्कर आणि आफ्रिकेतून धरून आणलेल्या त्या माणसांचे देव कायद्यानेच काढून घेतले गेले. १८१० साली इंग्रजांनी बेट जिंकले तेव्हा येथील रहिवाशांना वचन मिळाले की त्यांचा धर्म, कायदे आणि रीतिरिवाज तसेच राहतील. हे वचन फ्रेंच मळेवाल्यांना होते. ज्यांना कोणी पकडून आणले होते, त्यांना कोणी काही वचन दिले नाही. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामी संपली, आणि रिकाम्या होणाऱ्या त्याच झोपड्यांत आपली माणसे शिरली.

म्हणजे मळेवाल्यांना मजुराच्या देवाची सवय नव्हती. मजुराला देव असतो आणि त्या देवाला एक दिवस लागतो, ही गोष्टच त्यांना उद्धटपणाची वाटत असावी.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आपल्या पूर्वजांची पूजा बंद करा, असा कायदा इंग्रजांनी केला नव्हता. कोणी तलवार घेऊन देवळात शिरले नाही. भाषणांत आम्ही असे ऐकतो तेव्हा अंगावर काटा येतो आणि थोडी लाजही वाटते, कारण ते खरे नाही. जो धाक होता तो हिशेबाच्या वहीतला होता. त्याचे नाव 'डबल कट'. एक दिवस न सांगता कामावर गैरहजर राहिले की दोन दिवसांचा पगार कापायचा.

वर्गात आम्ही याचे गणित घालतो. हिंदुस्थानात करार करताना मजुराला महिन्याला ५ रुपये कबूल केले जात. ५ रुपये म्हणजे ८० आणे. महिन्याचे २६ कामाचे दिवस धरा. एका दिवसाला ३ आण्यांहून जरासे जास्त पडतात. चवथीला घरी राहिले तर ६ आणे गेले. दीड दिवसाचा गणपती म्हणजे दोन खाडे, १२ आणे. गौरीचे नाव काढायची सोय नाही. आणि हे सगळे कधी, तर ऐन कूपमध्ये, ऊसतोडणीच्या दिवसांत, जेव्हा कारखान्याची घंटा अंधारातच वाजे आणि साहेब एक माणूस सोडायला तयार नसे. रविवार मोकळा म्हणावा तर रविवारी सकाळी कोर्वे, म्हणजे गोठे झाडणे, चारा आणणे, ते पगाराशिवाय. मुले भागाकार करतात, उत्तर बरोबर येते. मग एखादी मुलगी विचारते, "मिस, ६ आण्यांत काय येत होतं?" आम्ही म्हणतो, पोट भरत होतं.

आता घरातली हकीकत. ती आम्हांला आजीने सांगितली, तिला तिच्या वडिलांनी. आजीचे वडील तेव्हा नऊ-दहा वर्षांचे होते आणि त्यांच्या हातात कंदील होता, एवढे नक्की, कारण प्रत्येक वेळी ते कंदिलापासूनच सुरुवात करीत.

आपल्या बेटावरची पहिली गणेश चतुर्थी १८९६ साली हेन्रिएटा येथे भिवाजी कुटुंबाने साजरी केली, असे आपण सगळे सांगतो. त्याची बातमी माणसांच्या तोंडून कोठ्याकोठ्यांवर गेली. काळ्या नदीच्या बाजूला आमची माणसे ज्या कोठीवर होती तेथेही ती पोहोचली. त्या कोठीचे नाव येथे नको. मराठी घरे सहा होती. आमचे खापरपणजोबा लहानपणी काकाबरोबर जहाजातून आलेले, आता केस पिकलेले. ते म्हणाले, "त्यांनी बसवला, आपण का नाही?"

सिरदार आपल्यातलाच, हिंदुस्थानी. तो संध्याकाळी येऊन सांगून गेला की जो घरी राहील त्याला डबल कट, आणि साहेबाने नाव लिहून ठेवायला सांगितले आहे. करार संपला की त्याला नवा करार नाही. करार नाही म्हणजे कांमधली खोलीही नाही. हा धाक पैशापेक्षा मोठा होता. पैसे कापले तर उपास करता येतो. बायकामुले घेऊन रस्त्यावर कसे राहणार?

त्या रात्री सहाही घरांची माणसे एका खोलीत बसली. आजीच्या वडिलांना आठवत होते ते असे की कोणी मोठ्याने बोलत नव्हते. दोन जण म्हणाले, आम्हांला जमणार नाही. एकाची बायको बाळंतीण होती, दुसऱ्यावर सावकाराचे कर्ज होते. त्यांना कोणी भित्रे म्हटले नाही. आजी हे सांगताना नेहमी थांबत असे आणि आमच्याकडे पाहून म्हणे, "त्यांना नावं ठेवायची नाहीत हं." त्या दोघांनी आपल्या वाटणीचे तांदूळ आणि गूळ दिला आणि पहाटे ते कामावर गेले. उरलेल्या चौघांनी रात्रीच नदीकाठची माती आणली. एका म्हाताऱ्याने गणपती केला. सोंड डावीकडे वळवली की उजवीकडे, यावर वाद झाला म्हणे, आणि त्या वादात भीती जरा कमी झाली.

मग खापरपणजोबांनी गाऱ्हाणे घातले.

ज्यांच्या घरी ही रीत उरली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कोकणात देवापुढे गाऱ्हाणे घालतात. मंत्र नव्हे, भटजी लागत नाही. घरातला किंवा गावातला जाणता माणूस देवाला साध्या भाषेत, मोठ्याने, आपली अडचण सांगतो. काय झाले, कोणी त्रास दिला, काय मागणे आहे, आणि चुकले असेल तर पदरात घे, असे एकेक वाक्य. प्रत्येक वाक्याला जमलेली माणसे "होय महाराजा" म्हणतात. गाऱ्हाणे या शब्दाचा अर्थच तक्रार. आपली माणसे देवाची स्तुती करायला कमी आणि देवाकडे तक्रार नोंदवायला जास्त उभी राहत, असे आम्हांला वाटते, आणि यात काही कमीपणा वाटत नाही. मॅजिस्ट्रेटपुढे मजुराची तक्रार क्वचितच टिके. तेथे मळेवाल्याची वही साक्षीदार असे. देवापुढे वही नव्हती.

त्या रात्रीच्या गाऱ्हाण्यातले शब्द आजीला माहीत नव्हते. एक गोष्ट मात्र माहीत होती. त्यात साहेबाचे वाईट व्हावे असे मागितले नव्हते. मागितले होते ते एवढेच की आम्हांला भीती वाटते आहे, ती वाटू दे, पण उद्या पाय मागे घेऊ देऊ नकोस. "होय महाराजा" कुजबुजीत म्हटले, कारण सिरदाराची खोली जवळ होती.

पुढे काय झाले? जे सांगितले होते तेच झाले. चौघांना डबल कट बसला. करार संपल्यावर तिघांना नवा मिळाला, खापरपणजोबांना मिळाला नाही. कोणालातरी शिक्षा करून दाखवायची होती. त्यांनी गाठोडी उचलली, दुसऱ्या गावात एका ओळखीच्या तमिळ माणसाच्या आवारात गवताची झोपडी घातली आणि रोजंदारीवर ऊस तोडला. पहिल्या हिवाळ्यात त्यांची धाकटी मुलगी तापाने गेली. तिचे नाव आजीलाही माहीत नव्हते. पुढे बऱ्याच वर्षांनी मळेवाले जमिनीचे तुकडे पाडून विकू लागले तेव्हा त्यांच्या मुलाने थोडी जागा घेतली. ती आजही आमच्या घराण्यात आहे. पण ते चवथीचे बक्षीस होते, असे आम्ही मुलांना सांगत नाही. त्या मुलीचे काय मग?

देवावर भरवसा म्हणजे संकट टळेल अशी खात्री, असे त्यांनी धरले नसावे. सिरदार खोटे बोलत नाही हे त्यांना ठाऊक होते. सगळे ठाऊक असून ते घरी राहिले.

हा धाक एका कोठीपुरता नव्हता. १८६७ च्या मजूर कायद्याने ज्यांचा करार संपला होता त्या जुन्या मजुरांना फोटो लावलेले तिकीट आणि पोलिसांचा पास बाळगणे भाग पाडले. आपल्या जिल्ह्याबाहेर पासाशिवाय सापडला की तो भटक्या ठरे. हजारो माणसे अशी पकडली गेली. ग्रां रिव्हियेरला भटक्यांसाठी खास डेपो होता. आता विचार करा. शेजारच्या जिल्ह्यात मामाच्या घरी गोंधळ आहे, रात्रभर जागायचे आहे. पास आहे का? तारीख बरोबर आहे का? फोटोतला चेहरा पावसात पुसट तर झाला नाही? आपल्या देवकार्याला जाताना खिशात आधी पोलिसाचा कागद चाचपायचा. त्याच वर्षी, १८६७ साली, मलेरियाच्या साथीने बेटावर तीस हजारांहून अधिक माणसे मेली. मागे अनाथ मुले राहिली. पाम्प्लेमूसजवळ पावडर मिल्स येथे हिंदुस्थानी अनाथांसाठी आश्रम होता, आणि तेथे मुलांना अन्न, अक्षर आणि ख्रिस्ती शिकवण एकत्र मिळे. त्या मिशनऱ्यांनी मुलांना जगवले, हेही लिहिले पाहिजे. पण मरताना आईच्या मनात काय येत असेल, तेही आम्हांला कळते.

या कायद्याविरुद्ध १८७१ साली एक अर्ज गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन यांच्याकडे गेला. आदोल्फ द प्लेवित्झ या युरोपियन गृहस्थांनी तो मजुरांसाठी तयार केला, आणि त्यावर ९,४०१ जुन्या मजुरांच्या सह्या आणि निशाण्या होत्या. यांतल्या बहुतेकांना अक्षर येत नव्हते. आपले नाव त्या कागदावर आहे हे कोठीवर कळले तर काय होईल, हे प्रत्येकाला माहीत होते. द प्लेवित्झ गोरे असूनही त्यांना पोर्ट लुईच्या रस्त्यावर मारहाण झाली, आणि त्यांना बेटावरून हाकला अशी मागणी मळेवाल्यांनी केली. गव्हर्नरांनी ती मानली नाही. १८७२ साली चौकशीसाठी फ्रिअर आणि विल्यमसन हे दोन कमिशनर आले. त्यांचा अहवाल १८७५ साली निघाला आणि १८७८ साली नवा मजूर कायदा झाला. डबल कट मात्र विसाव्या शतकापर्यंत राहिला.

ही ९,४०१ माणसे आम्हांला गाऱ्हाणे घालणारीच वाटतात. आपले काही लोक म्हणतात, पूर्वज फार सहनशील, सगळे देवावर सोडून गप्प बसले. गप्प कुठे बसले? देवालाही सांगितले आणि गव्हर्नरलाही सांगितले. देवाला आधी सांगितले होते म्हणून गव्हर्नरपुढे हात कमी थरथरला असेल, एवढे म्हणता येईल.

काहींनी वाट बदलली. आमच्याच नात्यातल्या एका आजोबांनी बाप्तिस्मा घेतला. कोठीच्या कचेरीत काम मिळेल असे त्यांना सांगितले गेले होते, आणि ते मिळाले. जुनी माणसे सांगत की त्या काळी शिक्षकाची किंवा कारकुनाची जागा हवी तर नाव बदलणे सोपे जाई. त्यांच्यावर घरात काही वर्षे अबोला होता. मग त्यांची मुलगी चवथीला मोदक खायला येऊ लागली आणि अबोला आपोआप सुटला. तिची नातवंडे आज आमच्या शाळेत आहेत. ती ख्रिसमसला आम्हांला केक पाठवतात. हे लिहिताना आम्ही दोनदा विचार केला, पण घरातली गोष्ट लपवून इतिहास कसला लिहायचा.

दुसरा एक धाक होता तो कागदाचा. देवाब्राह्मणांसमोर, अग्नीभोवती लग्न लागले तरी सरकारी नोंदवहीत ते लग्न नव्हते. सरकारी अधिकाऱ्यापुढे नोंद नसेल तर मुले कायद्याने अनौरस. आमच्या पणजीला हे कळले तेव्हा ती म्हणाली, असे सांगतात, की मग देवानेच साक्ष द्यावी, मला कोर्टात कोणी विचारणार नाही. नवरा मेल्यावर खोलीवर आणि चार भांड्यांवर हक्क सांगायची वेळ आली की त्या बाईला ही गोष्ट किती महाग पडत असेल! विश्वासाची किंमत बायकांनी वेगळी दिली, आणि ती सहा आण्यांत मोजता येत नाही.

आमचे आजोबा भजनी मंडळात मृदंग वाजवीत. मंडळ म्हणजे सात-आठ माणसे, एक जोडी टाळ आणि एक रॉकेलचा दिवा. ते तुकोबांची गोष्ट सांगत. देहूला रामेश्वर भटांनी आज्ञा केली, तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, ते तेरा दिवस अन्नपाण्याविना बसून राहिले आणि वह्या कोरड्या वर आल्या. ही कथा सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. आजोबा त्यावर आपले एक वाक्य जोडीत, "आमच्याकडे बुडवायला वहीच नव्हती." खरेच नव्हती. जहाजातून ज्यांनी अभंग आणले त्यांनी ते तोंडात आणले. म्हणून शब्द चुकले, काही ओळींचा अर्थ कोणालाच कळेनासा झाला, एखाद्या ठिकाणी भोजपुरी आणि क्रिओल शिरले. महाराष्ट्रातून आलेल्या एका पाहुण्यांनी आमची झाकरी ऐकून, "हे शब्द अशुद्ध आहेत," असे सांगितले होते. शिक्षक म्हणून आम्हांला ते पटले. नात म्हणून पटले नाही.

पुढे काळ बदलला, पण एकदम नाही. पंडित बासदेव बिसुनदयाल यांनी गावोगाव फिरून लोकांना भाषा आणि धर्म सांभाळायला सांगितले, त्यासाठी ते अनेकदा तुरुंगात गेले. १२ डिसेंबर १९४३ रोजी पोर्ट लुईला महायज्ञ झाला तेव्हा सुमारे साठ हजार माणसे जमली. त्यांत आमचे आजोबा होते. ते पहाटे निघून पायी गेले होते. परत आल्यावर आजीने विचारले, काय पाहिलं? ते म्हणाले, "माणसं. इतकी आपली माणसं आहेत हे मला ठाऊक नव्हतं." कंदील घेऊन नदीवर गेलेल्या मुलाचे हे जावई. कुजबुजीतून साठ हजारांच्या आवाजापर्यंत एका घरात एकच पिढी गेली.

आमच्या वाट्याला धाक आला तो अगदी छोटा. आम्ही सहा-सात वर्षांचे असताना एका शाळेत (तिचेही नाव नको) आमच्या कपाळावरची टिकली पुसायला लावली. घरचे घरी ठेवावे, असे बाईंनी सांगितले. रागावून नव्हे, हसून. घरी येऊन आम्ही रडलो. वडील भांडायला निघाले होते. आजीने त्यांना बसवले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आमच्या कपाळाला पुन्हा टिकली लावली, फक्त थोडी लहान. बाईंना ती दिसली की नाही, कोण जाणे. आठवड्याने आजीने ती जरा मोठी केली. वर्ष संपेपर्यंत ती पहिल्याएवढी झाली होती. कोठीवरची हकीकत आजीने आम्हांला पहिल्यांदा सांगितली ती याच वर्षी, रोज सकाळी टिकली लावताना, थोडी थोडी.

आज गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते. पगार कापला जात नाही. विसर्जनाला पोलीस येतात ते रस्ता मोकळा करून द्यायला. पण त्या मुलाचा प्रश्न अजून तसाच आहे. देवाने साहेबाला शिक्षा का नाही केली? कोणी म्हणतात, त्या कोठीकडे बघा, कारखाना बंद, उसाच्या शेतात एकटी चिमणी उभी आहे, हीच शिक्षा. आम्हांला हे उत्तर आवडत नाही. कारखाने बंद पडले ते साखरेच्या धंद्याच्या कारणांनी, आणि ते बंद पडले तेव्हा आपल्याही माणसांच्या नोकऱ्या गेल्या. चिमणी पाहून आनंद मानावा असे त्या रात्रीच्या गाऱ्हाण्यात काही नव्हते.

उत्तर नव्हते म्हणून आम्ही वर्गात चवथीच्या आदल्या दिवशी दुसरे काहीतरी केले. मातीचा लहान गणपती मुलांनीच केला. सोंडेवरून वाद झाला, तो आम्ही होऊ दिला. मग गाऱ्हाणे कसे घालतात ते दाखवले आणि म्हटले, ज्याला काही सांगायचे असेल त्याने सांगावे. कोणाची आजी आजारी होती, कोणाला परीक्षेची काळजी. शेवटी तो मागच्या बाकावरचा मुलगा उठला. त्याला मराठी नीट येत नाही. तो क्रिओलमध्ये म्हणाला की बाबांना कामावरून काढणार आहेत असे ते रात्री आईला सांगत होते, बाबांना भीती वाटते आहे, आणि हे आपण ऐकले हे त्यांना माहीत नाही.

वर्ग गप्प झाला. मग पुढच्या बाकावरून एका मुलीने अगदी हळू आवाजात म्हटले, "होय महाराजा." आणि मग सगळ्यांनी.